चेरोकी नेशनचं नैसर्गिक संसाधन खातं: नकाशापासून पत्रापर्यंत, पायरीपायरीने

आर्कन्सॉ राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, बेंटनव्हिल-रॉजर्स-स्प्रिंगडेल या पट्ट्यात, नोकरीनिमित्त आलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात. इथल्या अनेक वसाहतींचं पावसाचं पाणी ओसेज क्रीकसारख्या ओढ्यांना मिळतं आणि ओढे इलिनॉय नदीला. ही नदी पश्चिमेकडे राज्याची हद्द ओलांडते, ओक्लाहोमात टॅलेक्वा गावाशेजारून वाहते, टेनकिलर धरणात अडते आणि पुढे गोर गावाजवळ आर्कन्सॉ नदीत मिसळते. हद्द ओलांडल्यावर ती नुसत्या ओक्लाहोमात जात नाही, चेरोकी नेशनच्या, म्हणजे चेरोकी या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांच्या स्वतःच्या सरकारच्या, प्रदेशातही शिरते. टॅलेक्वा ही चेरोकी नेशनची राजधानी. तिथल्या मंत्रिमंडळात एक पद या नदीची, जमिनीची, रानाची आणि बियाण्यांची काळजी वाहतं: सेक्रेटरी ऑफ नॅचरल रिसोर्सेस.

हा लेख त्या पदाविषयी आहे. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना खाली कोण राहतं हे कळावं, हा एक हेतू. पर्यावरण कायदा किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्यांना आणि महाराष्ट्रात सामूहिक वनहक्कांवर काम करणाऱ्यांना या खात्याची कागदपत्रं स्वतः वाचता यावीत, हा दुसरा. वाचून झाल्यावर कोणतीही बातमी समोर आली तर ती कोणत्या चेरोकी सरकारची, या खात्याच्या अखत्यारीतली आहे का, आणि पुढची चौकशी कुठे करायची, हे तुम्हाला ठरवता येईल.

पायरी पहिली: मराठी शब्द आधी तपासून घ्या

इथेच सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून थोडा वेळ द्या.

"सेक्रेटरी" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मंत्रालयातला सचिव उभा राहतो: सनदी अधिकारी, मंत्री बदलले तरी खुर्चीवर असणारा. हे पद तसं नाही. सेक्रेटरी इथे मंत्रिमंडळाचा सदस्य असतो, म्हणजे काम मंत्र्याचं. मात्र तो निवडून आलेला नसतो. प्रमुख त्याचं नाव सुचवतो आणि कायदेमंडळ मान्यता देतं, वॉशिंग्टनमध्ये असतं तसंच. त्यामुळे मराठीत लिहिताना "सचिव" न लिहिता "सेक्रेटरी" लिहिणं मला बरं वाटतं.

"रिझर्व्हेशन" म्हणजे आरक्षण नव्हे. घाईने केलेल्या भाषांतरात तसं छापलं गेलं की वाक्याचा अर्थच उलटापालटा होतो. नोकरी-शिक्षणातल्या राखीव जागांशी या शब्दाचा संबंध नाही. करारांनी ठरलेला, हद्द असलेला तो प्रदेश आहे. चेरोकी नेशनचं रिझर्व्हेशन ईशान्य ओक्लाहोमाच्या १४ काउंट्यांमध्ये पसरलंय, सुमारे ७,००० चौरस मैल. आपल्या मापाने अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडं मोठं. टल्सा शहराचा काही भागही त्यात येतो.

"प्रिन्सिपल चीफ" म्हणजे टोळीचा सरदार नव्हे. दर चार वर्षांनी मतदानाने निवडला जाणारा तो कार्यकारी प्रमुख आहे. आणि "रेड इंडियन" हा आपल्या बोलण्यात रुळलेला शब्द आता सोडून द्या. चेरोकी माणूस चेरोकी नेशनचा नागरिक असतो. "नागरिक" हा शब्द ते स्वतः वापरतात आणि कायद्यातही तोच आहे. अशा नागरिकांची संख्या साडेचार लाखांच्या वर आहे.

पायरी दुसरी: कोणते चेरोकी, हे पक्कं करा

अमेरिकेच्या संघीय सरकारने मान्यता दिलेली चेरोकी सरकारं तीन आहेत. ओक्लाहोमातलं चेरोकी नेशन, ओक्लाहोमातलंच युनायटेड किटूवा बँड, आणि नॉर्थ कॅरोलिनातलं ईस्टर्न बँड. पहिल्या दोघांचं मुख्यालय एकाच गावात, टॅलेक्वात आहे. ईस्टर्न बँडमध्येही शेती आणि नैसर्गिक संसाधनांसाठी सेक्रेटरीचं पद आहे. म्हणून नुसतं "चेरोकी संसाधन सेक्रेटरी" असं शोधलं की दोन सरकारांच्या बातम्या एकत्र येतात.

एक उदाहरण लक्षात ठेवलंत तर पुरे. राष्ट्रीय उद्यानांत पारंपरिक वनस्पती गोळा करायची मुभा संघीय मान्यता असलेल्या सरकारांना करार करून मिळू शकते, असा नियम २०१६ मध्ये झाला. ग्रेट स्मोकी पर्वतातल्या उद्यानात सोचान ही पालेभाजी खुडण्याचा २०१९ चा करार ईस्टर्न बँडचा. आर्कन्सॉतल्या बफेलो नॅशनल रिव्हरच्या काठच्या वनस्पतींचा २०२२ चा करार चेरोकी नेशनचा. विषय एक, नियम एक, सरकारं दोन. बातमीत टॅलेक्वा आहे की नॉर्थ कॅरोलिना, हे पहिल्या परिच्छेदात पाहून घ्या. गाव टॅलेक्वा असेल तर "नेशन" आहे की "किटूवा", हेही पाहा.

पायरी तिसरी: पदाची जागा संविधानात शोधा

चेरोकींचं पहिलं लिखित संविधान १८२७ चं, जॉर्जियातल्या न्यू एकोटाचं. १८३५ च्या न्यू एकोटा कराराच्या आधारे त्यांना तिथून हुसकावलं गेलं. १८३८-३९ च्या ओक्लाहोमाकडच्या त्या सक्तीच्या वाटचालीत (ट्रेल ऑफ टिअर्स) सुमारे ४,००० माणसं दगावली असं मानलं जातं. जे पोचले त्यांनी टॅलेक्वात ६ सप्टेंबर १८३९ रोजी नवं संविधान केलं. एवढं सोसून आलेल्या लोकांनी वर्षाच्या आत पुन्हा कागद-लेखणी घेऊन सरकार उभारलं, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते.

पुढे १८९८ च्या कर्टिस कायद्याने सामाईक जमिनीचे तुकडे करून ती माणशी वाटली गेली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि चेरोकी सरकारचे अधिकार जवळजवळ गोठले. चीफची नेमणूक वॉशिंग्टनहून होऊ लागली. १९७० च्या कायद्यानंतर, १९७१ मध्ये, पुन्हा चीफची निवडणूक झाली. १९७६ मध्ये नवं संविधान आलं. सध्या चालतं ते संविधान १९९९ मध्ये लिहिलं गेलं, २००३ मध्ये मतदारांनी मंजूर केलं आणि २००६ पासून लागू झालं.

या संविधानाचा सातवा भाग उघडा. तो कार्यकारी शाखेचा. सहावा कायदेमंडळाचा, आठवा न्यायशाखेचा. सातव्यात दोन गोष्टी बघा.

पहिली, नेमणुकीची रीत. प्रिन्सिपल चीफ नाव देतो, कौन्सिल म्हणजे कायदेमंडळ मान्यता देतं. कौन्सिलमध्ये १७ सदस्य: १५ रिझर्व्हेशनमधल्या मतदारसंघांतून, २ बाहेर राहणाऱ्या नागरिकांचे. त्यामुळे नवीन सेक्रेटरी कोण, त्याला कोणी काय विचारलं, हे कौन्सिलच्या कामकाजात सापडतं.

दुसरी, मुदत. अॅटर्नी जनरल आणि मार्शल यांना पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे चीफच्या चार वर्षांशी ती मुद्दाम जुळवलेली नाही. कायदा आणि पोलीस चीफच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून. नैसर्गिक संसाधनांचा सेक्रेटरी मात्र चीफच्या प्रशासनाचा भाग. म्हणून या खात्याचा कल समजून घ्यायचा तर त्या वेळचा चीफ कोण, हे आधी बघावं लागतं.

आता एक निरीक्षण. २०१५ मध्ये बिल जॉन बेकर चीफ असताना सारा हिल या पदावर आल्या. त्या वकील. २०१९ मध्ये त्या नेशनच्या अॅटर्नी जनरल झाल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये सिनेटच्या मान्यतेने संघीय न्यायाधीश. त्यांच्यानंतरचे सेक्रेटरी चॅड हार्शा हेही वकील, आणि तेही पुढे अॅटर्नी जनरल झाले. जंगल-पाण्याच्या खात्यातून दोघं कायद्याच्या सर्वोच्च पदावर गेले, हा योगायोग मला वाटत नाही. इथे नदीची बाजू घेणं म्हणजे आधी हद्द, करार आणि मालकी यांची बाजू मांडता येणं. या खात्याचं काम समजून घेण्याची किल्ली तिथेच आहे.

पायरी चौथी: प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न विचारा

जमीन कोणाची? पाणी कोणाचं? माणूस कुठला नागरिक? कोणतीही बातमी किंवा ठराव हातात घेतला की हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. या खात्याचा अधिकार कुठे पोचतो आणि कुठे थांबतो, ते त्यातून उलगडतं.

जमीन. चेरोकी रिझर्व्हेशनची हद्द आजही कायद्याने जिवंत आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०२० रोजी मॅकगर्ट खटल्यात शेजारच्या मस्कोगी क्रीक नेशनबद्दल तसा निकाल दिला, आणि मार्च २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने हॉग्नर खटल्यात तेच चेरोकींना लागू केलं. पण हद्दीच्या आत असणं वेगळं आणि जमीन मालकीची असणं वेगळं. जुन्या वाटपानंतर बहुतेक जमीन हातातून गेली. आज नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. काही जमीन संघीय सरकारने नेशनसाठी विश्वस्त म्हणून धरलेली, काही मूळ वाटपदारांच्या वारसांकडे विक्रीवर बंधनं असलेली, आणि बाकीची साधी खाजगी, ज्याची कोणीही खरेदी-विक्री करतो. शेतात उभं राहून हा फरक दिसत नाही. सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमिनीबद्दल बोलत नाही ना, तसंच इथेही: ती यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे कागदावर पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

पर्यावरणाच्या नियमांत आणखी एक अडसर आहे, आणि बाहेरच्या वाचकाला तो सहसा माहीत नसतो. २००५ मध्ये संसदेने महामार्गांविषयीच्या एका मोठ्या विधेयकात फक्त ओक्लाहोमापुरतं एक कलम घातलं. त्याच्या आधारे राज्याने मागितलं तर संघीय पर्यावरण संस्थेला आदिवासी प्रदेशातही राज्याचेच पर्यावरण कार्यक्रम चालू द्यावे लागतात. शिवाय इतर राज्यांत आदिवासी सरकारांना पाणी आणि हवेच्या कायद्यांखाली राज्याच्या बरोबरीचा दर्जा मिळू शकतो. ओक्लाहोमात त्यासाठी राज्याशी करार करावा लागतो. मॅकगर्ट निकालानंतर तीन महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबर २०२० रोजी, संघीय संस्थेने राज्याची तशी मागणी मान्य केली. हद्द मान्य झाली, तरी हद्दीतल्या प्रदूषणावरचा हुकूम बराचसा राज्याकडे राहिला. "रिझर्व्हेशन आहे ना, मग कारखाना का बंद करत नाहीत?" या प्रश्नाचं उत्तर या कलमात आहे. हे कलम अन्यायाचं आहे असं मला वाटतं, पण ते लक्षात न घेता खात्याला दोष देणं हाही अन्यायच.

पाणी. इथे सविस्तर सांगतो, कारण आपला संबंध याच नदीशी येतो.

१९७० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आर्कन्सॉ नदीच्या ओक्लाहोमातल्या ठरावीक भागाचं पात्र चेरोकी, चॉक्टॉ आणि चिकासॉ नेशन्सच्या मालकीचं आहे, राज्याच्या नव्हे. त्यातल्या जुन्या दाव्यांची तडजोड २००२ च्या कायद्याने झाली. तिन्ही मिळून ४ कोटी डॉलर, त्यातला निम्मा वाटा चेरोकी नेशनचा. म्हणजे नदीचं पात्र ही इथे कल्पना नाही, मालमत्ता आहे.

आता इलिनॉय नदीकडे या. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आर्कन्सॉ विरुद्ध ओक्लाहोमा हा खटला होता. आर्कन्सॉतल्या फेयटव्हिल शहराच्या सांडपाणी प्रकल्पाचं पाणी खाली याच नदीत जातं, त्यावरून. न्यायालयाने प्रकल्पाची परवानगी कायम ठेवली. मग २००५ मध्ये ओक्लाहोमाने मोठ्या पोल्ट्री कंपन्यांवर दावा लावला. कोंबड्यांच्या शेडमधला विष्ठेचा आणि भुशाचा कचरा खत म्हणून शेतात पसरला जातो, त्यातलं फॉस्फरस पावसाने नदीत उतरतं, पाणी हिरवं होतं आणि टेनकिलरचं धरण गढूळतं, अशी तक्रार. खटला उभा राहायच्या तोंडावर, जुलै २००९ मध्ये, न्यायाधीशांनी नुकसानभरपाईची मागणी फेटाळली. कारण? या पाण्यावर चेरोकी नेशनचेही हक्क असू शकतात आणि नेशन खटल्यात पक्षकारच नाही. त्यानंतर नेशनने आत येण्याचा अर्ज केला. उशीर झाला म्हणून तो नाकारला गेला, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम केलं. कंपन्या जबाबदार आहेत असा निकाल जानेवारी २०२३ मध्ये आला, पण तो राज्याच्या उरलेल्या मागण्यांवर.

हा खटला दोनदा वाचावा असा आहे. ज्यांचं पाणी, ते खोलीत नव्हते म्हणून भरपाईचा मुद्दाच निकालात निघाला. त्यानंतर काही वर्षांत या खात्याच्या खुर्चीवर वकील बसलेले दिसतात. या दोन गोष्टींत कोणी अधिकृत दुवा जोडलाय असं मी म्हणत नाही, पण मला तो दिसतो.

तिसरं उदाहरण गोरजवळचं, इलिनॉय आणि आर्कन्सॉ यांच्या संगमाशेजारचं. सिकोया फ्युएल्स हा युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना. जानेवारी १९८६ मध्ये एक टाकी फुटून एका कामगाराचा मृत्यू झाला, १९९३ मध्ये कारखाना बंद झाला, पण किरणोत्सर्गी गाळ तिथेच राहिला. मालक कंपनीने तो जागेवरच पुरण्याचा बेत केला. चेरोकी नेशन आणि ओक्लाहोमा राज्य दोघांनी मिळून न्यायालयात विरोध केला. अखेर २०१८ मध्ये सुमारे १०,००० टन गाळ ५११ ट्रकांतून युटा राज्यात हलवला गेला. सारा हिल तेव्हा सेक्रेटरी होत्या. राज्याशी एका प्रकरणात भांडण आणि दुसऱ्यात खांद्याला खांदा, हे इथे रोजचंच. म्हणून "नेशन विरुद्ध राज्य" असं एकच चित्र मनात धरून कागद वाचू नका. हेही विसरू नका की गाळ जिथे गेला ती युटातली जागा दुसऱ्या एका आदिवासी वस्तीच्या शेजारी आहे.

माणूस. शिकार आणि मासेमारी घ्या. २०१५ मध्ये चेरोकी नेशनने ओक्लाहोमाशी करार केला, त्यातून नागरिकांना राज्यमान्य परवाने मिळू लागले. ३१ डिसेंबर २०२१ ला तो संपला आणि राज्याच्या गव्हर्नरांनी नूतनीकरण केलं नाही. त्यानंतर नेशनने स्वतःच्या कायद्याखाली, नागरिकत्वाच्या ओळखपत्रावर, रिझर्व्हेशनमध्ये आपल्या नागरिकांचा हक्क चालू ठेवला. आपण नागरिक नाही. त्यामुळे टेनकिलरवर गळ टाकायचा तर ओक्लाहोमा राज्याचा परवाना लागतो (आर्कन्सॉचा चालत नाही), आणि तो परवाना हातात असला तरी नेशनच्या विश्वस्त जमिनीवर पाय ठेवायची मुभा त्यातून मिळत नाही.

पायरी पाचवी: खात्याची दुसरी बाजू पाहा, बियाणं आणि रान

खटल्यांवर थांबलात तर अर्धंच खातं दिसेल. २००६ पासून नेशनची स्वतःची बियाणं पेढी आहे. मका, शेंगा, भोपळे, दुध्या अशा जुन्या वाणांची. यातले काही वाण वाटचालीत लोकांनी सोबत आणलेले म्हणून सांगितले जातात, आणि एका काळ्या घेवड्याचं नावच त्या वाटचालीवरून पडलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये यांतले नऊ वाण नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या जागतिक बियाणं भांडारात ठेवले गेले. असं करणारं अमेरिकेतलं हे पहिलं आदिवासी सरकार. व्हाइट ईगल मका त्यांच्या विधींतला पवित्र मका, तोही त्यात आहे. भांडारातलं बियाणं ठेवणाऱ्याच्याच मालकीचं राहतं, ही अट या लोकांच्या दृष्टीने किती मोलाची, हे वर वाचलेल्या इतिहासावरून कळेल.

दर वर्षाच्या सुरुवातीला नागरिक ठरावीक वाण मागवू शकतात, फुकट. बाहेरच्यांना ते मिळत नाही. आपल्याकडे देशी वाण जपणारे बरेच मित्र मला विचारतात की "थोडं मागवून देता का?" नाही. मागूही नका. हे बियाणं त्यांच्या घरचं आहे. बाजारात चेरोकी नावाने मिळणारी पाकिटं आणि ही पेढी यांचाही एकमेकांशी संबंध लावू नका.

रानाचंही तसंच. औषधी वनस्पती जाणणाऱ्या ज्येष्ठांचा "मेडिसिन कीपर्स" नावाचा गट २००८ पासून नेशनच्या लोकांबरोबर काम करतो. त्यांच्यासाठी अडेर काउंटीत रान राखून ठेवलंय. बफेलो नदीचा २०२२ चा करार याच कामातून पुढे आला. कोणती वनस्पती कशासाठी वापरतात याची यादी मात्र तुम्हाला खुल्या कागदांत मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. जी माहिती लोकांनी जाणूनबुजून घरात ठेवलीय ती उकरून काढणं म्हणजे अभ्यास नव्हे.

या सगळ्या कामामागे "गडुगी" हा शब्द वारंवार ऐकू येईल. सर्वांनी मिळून एकाचं काम उरकायचं. मराठीत याला जवळचा शब्द आपल्याकडे तयार आहे: इर्जिक. भाषांतर करताना "सहकार्य" लिहू नका, इर्जिक लिहा. गावच्या वाचकाला लगेच कळतं.

पायरी सहावी: कागदाचा माग काढा

इथे भरभर सांगतो, कारण एकदा बसून केलंत की सवय होते.

कौन्सिलच्या कामकाजाची नोंद इंटरनेटवर खुली आहे. तिथे "रिसोर्स कमिटी" शोधा. जमीन, पाणी, वन्यजीव यांचे विषय बहुधा आधी तिथे येतात, मग पूर्ण कौन्सिलपुढे. मंजूर झालेल्या कायद्यांना "एलए" आणि ठरावांना "आर" अशी अक्षरं, पुढे क्रमांक आणि वर्ष असतं. बातमीत हा क्रमांक असला तर मूळ मजकूर मिनिटात सापडतो, नसला तर तारखेवरून बैठक शोधा. कायदा आणि ठराव यांतला फरक पाळा. कायद्याने नियम बदलतो. ठरावाने बहुधा परवानगी, पाठिंबा किंवा अनुदानाचा अर्ज मंजूर होतो.

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आपल्यासारखं एप्रिलला नाही. म्हणून सप्टेंबरमधले अंदाजपत्रकाचे कागद सर्वांत उपयोगी. त्याच महिन्याच्या सुमारास, लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या शनिवार-रविवारी, १८३९ च्या संविधानाचा वार्षिक सण टॅलेक्वात असतो आणि चीफचं वर्षाचा आढावा घेणारं भाषण होतं. त्यात संसाधन खात्याबद्दल काय आलं आणि काय गाळलं, दोन्ही टिपून ठेवा.

बातमीसाठी "चेरोकी फिनिक्स" वाचा. १८२८ मध्ये सुरू झालेलं हे वृत्तपत्र आजही निघतं, आणि २००० च्या नेशनच्या कायद्याने त्याला संपादकीय स्वातंत्र्य दिलंय. सरकारी प्रसिद्धिपत्रक आणि फिनिक्सची बातमी शेजारी ठेवून वाचली की बरंच काही कळतं.

आणि माहिती अधिकाराबद्दल: संघीय माहिती कायद्याखाली अर्ज केला तर तो संघीय कार्यालयांपुरता चालतो, चेरोकी नेशनला लागू होत नाही. नेशनचा स्वतःचा वेगळा कायदा आहे. कोणत्या दारी जायचं ते ठरवूनच अर्ज लिहा.

पायरी सातवी: पत्र लिहा, पण आधी योग्य टेबल शोधा

सेक्रेटरीला थेट पत्र लिहायची गरज क्वचित पडते. खात्याखाली पर्यावरणाचे कार्यक्रम चालतात, पाणी-हवा तपासणारे लोक आहेत. चाळीसहून अधिक आदिवासी सरकारांची आंतर-आदिवासी पर्यावरण परिषदही १९९२ पासून चेरोकी नेशनच्याच आश्रयाने चालते. तांत्रिक प्रश्न तिकडे न्या. नागरिकत्वाचा प्रश्न असेल तर नोंदणी कार्यालय, खटल्याचा असेल तर अॅटर्नी जनरल.

पत्र इंग्रजीतच लिहा, छोटं. तुम्ही कोण, कुठे राहता, कोणता क्रमांकाचा कागद वाचला आणि नेमकं काय समजलं नाही, एवढं चार ओळींत. "तुमच्या जमातीची संस्कृती जाणून घ्यायची आहे" असं मोघम लिहू नका. हे मंत्रालय आहे, संग्रहालय नव्हे. पदाचा पूर्ण उल्लेख करा. शेवटी आभाराला "वाडो" लिहिलंत तर चालतं, पण उच्चार आणि अर्थ माहीत असेल तरच. मुलाखत, सर्वेक्षण किंवा नमुने गोळा करणं असं संशोधन असेल तर नेशनची स्वतःची परवानगी लागते, विद्यापीठाची पुरत नाही. ती मिळेपर्यंत कोणाला प्रश्न विचारायला निघू नका.

टॅलेक्वाला जाणार असाल तर गावात १८६९ ची जुनी राजधानीची इमारत आहे, आता संग्रहालय. आणि १८४४ ची सर्वोच्च न्यायालयाची इमारत, तीही पाहता येते. बेंटनव्हिलहून गाडीने दीड-दोन तास. जाताना इलिनॉय नदीच्या काठाने जा आणि तिसऱ्या पायरीतला संविधानाचा सातवा भाग छापून सोबत ठेवा.

तुम्ही नदीच्या वरच्या अंगाला राहत असाल तर एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. आपल्या वसाहतीचं गटार कोणत्या ओढ्यात उतरतं ते शहराच्या नकाशावर पाहा. ओसेज क्रीक, लिटल ओसेज क्रीक किंवा त्यांचा एखादा फाटा निघाला, तर हिरवळीला खत टाकायच्या आधी पुढच्या दोन दिवसांचा पावसाचा अंदाज बघा, आणि पाऊस असेल तर थांबा. ते फॉस्फरस टेनकिलरपर्यंत पोचतं.